विहिरीच्या काठावरचा रुसवा

आमच्या स्वयंपाकघरात जिथं गॅसची शेगडी आहे ना, बरोबर तिथं पूर्वी रताळ्याची सरी होती. हे मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि आमचे हे प्रत्येक वेळी मान खाली घालून चहात बिस्कीट बुडवतात. त्यांना वाटतं, बायकोला जुन्या शेताचं फार दुःख आहे. दुःख कसलं डोंबलाचं! मला गंमत वाटते. ज्या मातीत लहानपणी गुडघे तांबडे करून रताळी वेचली, ती माती वडिलांनी विकली, तिच्यावर लेआउट पडला, आणि त्यातलाच एक प्लॉट नवऱ्यानं आणि मी पुन्हा विकत घेतला. एवढा फेरा मारून माणूस आपल्याच बांधावर येऊन उभं राहतं, याला हसू नको तर काय करू?

शहराजवळच्या कंग्राळी गावाच्या अंगाला असे बरेच लेआउट झालेत. आमच्या कमानीवर हिरवळीच्या अर्थाचा एक झकास इंग्रजी शब्द लिहिलाय, आणि आम्ही राहायला आलो तेव्हा त्या कमानीच्या आत एक झाड नव्हतं. खडी होती, गटारीचे पाइप होते, विजेचे खांब होते. लोक मात्र चांगले. कुणी गोकाकचे, कुणी सदलग्याचे, कुणी खानापूरकडचे. कुणी घरात कानडी बोलतं, कुणी मराठी, आणि भाजीवाल्याशी भांडताना सगळे दोन्ही बोलतात. एक गोष्ट मी पहिल्या महिन्यातच ओळखली. इथं राहणारा प्रत्येक जण शेतकऱ्याच्या घरातून आलाय आणि कुणीही ते तोंडानं कबूल करत नाही. शेणाचा वास आला की सगळ्यांच्या खिडक्या एकदम बंद होतात. मला विचाराल तर तो वास सगळ्यांना चांगला ओळखता येतो म्हणूनच.

लेआउटच्या मागच्या भिंतीपलीकडं आप्पांची पट्टी आहे. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यापासून माहेर म्हणायचं ते आप्पांचंच घर. सगळ्या भावांनी आपापला वाटा विकला, आप्पांनी विकला नाही. "मी काय करू गं पैसं घिऊन? कॉटवर बसून मोजू?" असं म्हणून ते आपल्या चिंचोळ्या पट्टीत भाजी आणि रताळी करत राहिले. अडचण एकच झाली. आजोबांनी खणलेली, सगळ्या भावांची मिळून असलेली विहीर नकाशात लेआउटच्या बाजूला गेली, तीही बागेसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत. आप्पांनी त्याची फिकीर केली नाही. भिंतीच्या भोकातून पाइप घातला आणि छोट्या मोटरीनं पाणी ओढत राहिले.

आता त्या पाण्याचं काम काय, ते सांगायला हवं. रताळं काही बी पेरून येत नाही. वेलाचे तुकडे करून सरीत लावायचे. पाऊस सुरू झाला की लावणी, थंडीत काढणी. पण मधल्या उन्हाळ्यात वेल जगवायचा कसा? त्यासाठी विहिरीजवळ एक वाफा धरायचा, त्यात वेल लावायचा आणि पाऊस येईपर्यंत त्याला पाणी पाजत बसायचं. पूर्वी गावात प्रत्येकाच्या विहिरीवर असा वाफा असायचा. मग विहिरी एकेक करून कुणाच्या पोर्चखाली गेल्या, कुणाच्या मंगल कार्यालयाखाली. शेवटी आप्पांचा वाफा तेवढा उरला. साल तांबडी, आत पांढरं, उकडलं की पिठूळ, ते आमच्या गावचं रताळं. एकानं बाहेरून वेल आणून लावून पाहिला, तर आली ती मुळ्यासारखी पाणचट. म्हणून मिरगाला, पहिल्या पावसाच्या वेळी, अख्खं गाव आप्पांच्या दारात वेल न्यायला येतं. आप्पा वेल विकत देत नाहीत. "वेल इकला की रताळं ग्वाड लागत न्हाय," म्हणतात. याला काही आधार आहे का ते मला माहीत नाही, पण आप्पांपुढं तसं बोलायची माझी टाप नाही.

आता आमच्या ह्यांच्याविषयी. हे निपाणीचे. माणूस सरळ, इतका सरळ की कधी कधी राग येतो. आमचं लग्न माहेरच्या दारात, मांडवात झालं. आमच्याकडं पंगतीत नवरदेवानं रुसायचं असतं. ताटाला हात लावायचा नाही, तोंड फुगवून बसायचं, मग सासरच्या मोठ्या माणसानं येऊन विचारायचं, "काय पायजे पाव्हणं?" आणि खिशातून वस्तू काढून द्यायची. आप्पांनी काहीतरी आणून खिशात ठेवलं होतं. काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ते पंगतीच्या टोकाला उभे राहून वाट बघत होते, आणि आमच्या नवरदेवानं बसल्या बसल्या पहिला घास घेतला आणि वाढप्याला आणखी वांग्याची भाजी मागितली!

पंगत हसून लोटपोट झाली. आप्पा मात्र नाराज. "रुसाय बी येत न्हाय ह्येस्नी? का मी शिकवू?" माझ्या वडिलांनी सुचवलं की देऊन टाक की, त्यात काय. आप्पा म्हणाले, रुसल्याशिवाय दिलेलं म्हणजे मान नव्हे, ते दान. "रुसतील तवा दिईन." एवढं बोलून त्यांनी ती वस्तू परत ट्रंकेत टाकली. तेव्हापासून गावात आमच्या ह्यांची ओळख 'न रुसलेले जावई' अशी झाली. यात्रेला गेलो की म्हाताऱ्या बाया पदराआड हसायच्या. हे पण हसायचे. घरात रुसण्याचं खातं तसंही पहिल्यापासून माझ्याकडंच आहे, आणि मी ते चोख सांभाळते.

तर लेआउटला कमिटी झाली. अध्यक्ष झाले ते एक निवृत्त गृहस्थ, आयुष्य बस डेपोत कंट्रोलर म्हणून गेलेलं. शिट्टी अजून खिशात. कुणी गाडी वाकडी लावली की शिट्टी, कुणाचं कुत्रं रस्त्यावर आलं की शिट्टी. गोकाककडचे, मनानं प्रेमळ, पण गाडी वेळेवर सुटली नाही की बेचैन होणारे. सेक्रेटरी झाले आमचे हे, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही. आणि कमिटीनं पहिलाच ठराव काय केला? विहीर बुजवायची. डास होतात, पोरं पडतील, साप येतात, शिवाय ती वास्तुशास्त्राप्रमाणं चुकीच्या कोपऱ्यात आहे. पोरांचं मला पटलं. बाकीचं ऐकून मी गप्प बसले. पण पुढचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. विहीर बुजवून त्या जागी लॉन करायचं आणि मधोमध कारंजं!

"कारंज्याला पाणी कुठलं?" मी ह्यांना विचारलं.

"टँकरचं."

"म्हणजे असलेलं पाणी मातीत गाडायचं आणि विकतचं पाणी वर उडवायचं."

"तसं म्हणू नको," हे म्हणाले. "घरांना पाणी देणारी बोअर खोल आहे म्हणे. विहीर बुजवली तरी तिला काही होत नाही."

"कोण म्हणे?"

"सगळेच म्हणे."

आता ही बातमी आप्पांना सांगायची कुणी? कागदावर विहीर लेआउटची, पण म्हाताऱ्याला न विचारता मशीन घालायला कमिटीचंही मन होईना. मग अध्यक्षांना सुचलं की सेक्रेटरी तर त्यांचा जावई, त्यानंच जावं. कमिटीच्या डोक्यात आलं नाही की जावयाला पाठवण्याइतका उलटा उपाय दुसरा नाही. जावई सासरी गेला की त्याला जेवू घालतात. आणि जेवणाऱ्या माणसाला भांडता येत नाही.

हे पहिल्यांदा गेले ते कुंद्याच्या मिठाईचा पुडा घेऊन. दुपारी परत आले ते रताळ्यांची पिशवी घेऊन, आणि ढेकर देत.

"सांगितलंत?"

"अगं, काकूंनी भाकरी, झुणका, वर लोणी... जेवताना कसं सांगणार?"

दुसऱ्या खेपेला त्यांनी निदान सुरुवात केली. म्हणाले, "आप्पा, ती विहीर आहे ना..." आप्पा खूष झाले. "व्हय की, पाणी लई ग्वाड हाय. अगं, पाव्हण्यास्नी तांब्याभर आणा गं!" ह्यांनी तांब्या रिकामा केला आणि घरी आले. मला म्हणतात, तिथलंच पाणी पिऊन तिथंच कसं सांगायचं, तूच सांग. मी म्हणलं, तुम्ही निपाणीला परत जावा आणि तिथून पत्र टाका.

तिसऱ्या खेपेला सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे, पण सांगितलं. आप्पा थोडा वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "बुजवा की. तुमी म्हणताय म्हंजे बुजवायच पायजे. वार तेवढं हुंदेत."

हे आनंदानं कमिटीत जाऊन सांगून आले, काम झालं म्हणून. मला हसावं का रडावं कळेना. वार म्हणजे आमच्याकडं गाव पाळतं ते मंगळवार-शुक्रवार. गावदेवीचे वार धरले की त्या दिवशी शेतात औत चालत नाही, कुदळ-फावडं लागत नाही, जमिनीला लोखंड लावायचं नाही. जमिनीला सुट्टी. त्या साली पाडव्यानंतर वार धरले होते. अध्यक्षांनी मंगळवारी जेसीबी ठरवला. जेसीबीवाला गावातलाच गडी. म्हणाला, "साहेब, वार हाय. बकेटला दात लोखंडाचं हाईत, माझं न्हवं तरी माझ्या मशिनीचं." बुधवारी त्याचं काम हिंडलग्याला. गुरुवारी डिझेल नाही. शुक्रवारी पुन्हा वार. अध्यक्ष कपाळाचा घाम पुसत म्हणायचे, माझ्या डेपोत अशी गाडी चुकली असती तर मी ड्रायव्हरला मेमो दिला असता.

मी मनातल्या मनात मजा घेत होते. मला वाटत होतं, आप्पा मोठे हुशार, वारांवर वार ढकलत पावसापर्यंत नेणार. पण वार संपले. देवीला नैवेद्य झाला, गाव मोकळं झालं, आणि पाऊस अजून कुठल्या कुठं. अध्यक्षांनी बुधवार सकाळ पक्की केली. आप्पांनी एक शब्द काढला नाही.

तेव्हा मी तडक भिंतीपलीकडं गेले. आप्पा वाफ्यात बसून वेलातलं गवत काढत होते. बाकी पट्टी उन्हानं तापून भेगाळली होती, तेवढा वाफा हिरवागार.

"काय करूलीस गं उन्हाची?" त्यांनी विचारलं.

"भांडाय आलेय," मी म्हणलं. "तुम्ही त्यांना न्हाय का म्हणला न्हाईसा? वाफ्याला पाणी कुठलं आणणार?"

"नळाचं."

"नळ दिवसाआड येतोय, त्यो बी करंगळीएवढा. घागरीनं घालणार? कंबर हाय काय तुमची?"

आप्पा हसले. मग म्हणाले, "अगं बाय, जावई पाव्हणा दारात यून मागतोय. त्या माणसानं आजपतोर आपल्या घराकडनं काय मागितलं न्हाय. लग्नात बी न्हाय. पयल्यांदा मागितलं त्ये ह्ये. न्हाय कसं म्हणू? तवाच रुसला असता तर सस्तात सुटलो असतो बघ."

मला हसू फुटलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र वेलाकडं बघत राहिले. "माझं काय न्हाय गं. मिरगाला लोक दारात येतील. त्यास्नी काय सांगू? वेल मेला म्हणून सांगू?" हे त्यांनी अगदी हळू विचारलं. मी खाली बसले आणि त्यांच्याबरोबर गवत काढायला लागले.

घरी आले आणि ह्यांना आप्पांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. लग्नात काही मागितलं नाही, पहिल्यांदा मागितलं ते हे. एवढं सांगून मी बोलणं बंद केलं. मला संताप आला होता, त्यांचा, कमिटीचा, कारंज्याचा आणि माझाही, कारण कारंज्याच्या वेळी तोंड उघडायचं सोडून मी चेष्टा करत बसले होते. हे जेवायला बसले. ताटात वांग्याची भाजी होती. ती त्यांनी तशीच ठेवली, तेव्हा मला जरा काळजी वाटली.

बुधवारी सकाळी जेसीबीचा आवाज आला, मागून दगडमातीचा टिप्पर. हे घरात नव्हते. मला वाटलं, नको ते बघायला म्हणून फिरायला गेले असतील. इतक्यात अध्यक्षांची शिट्टी वाजली, एकदा, दोनदा, मग वाजतच राहिली. मी हात पुसत धावले. सगळा लेआउट विहिरीभोवती जमला होता. आणि विहिरीच्या काठावर, आत पाय सोडून, सगळ्यांकडं पाठ करून आमचे हे बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, लग्नाला जातात तसा.

"सेक्रेटरी, उठा की," अध्यक्ष म्हणत होते. "मशीन थांबलंय. भाडं चालू आहे."

"मी उठणार नाही," हे म्हणाले. "मी रुसलोय."

"काय झालंय?"

"रुसलोय. मी या गावचा जावई आहे."

जेसीबीवाल्यानं तिथल्या तिथं चावी फिरवून इंजिन बंद केलं. खाली उतरला, डोक्याची टोपी काढली आणि अध्यक्षांना म्हणाला, "मग न्हाय जमायचं साहेब. गावचं जावई रुसल्यात, आन् मी मशीन चालवू? मला गावात त्वांड दाखवाय पायजे." टिप्परवाल्यानं तर बिडीच पेटवली.

अध्यक्षांची बायको गॅलरीतून बघत होती, ती खाली आली. जावयाला कानडीत अळिया म्हणतात. "अळिया रुसलाय," अध्यक्ष तिला वैतागून म्हणाले, "आता या वयात!" बाई त्यांच्यावरच उलटली. "तुम्ही सायकलीसाठी आमच्या मांडवात रुसला होता, ते आठवतंय? माझ्या बापानं शेजारच्या गावातून सायकल खांद्यावर घालून आणली होती. ती चालली?" लेआउटभर हशा पिकला. अध्यक्षांनी शिट्टी खिशात घातली.

मी चहा घेऊन गेले. खरं सांगते, माझी खात्री होती की चहा बघून हे उठतील. त्यांनी चहाकडं बघितलं, मनापासून बघितलं, आणि तोंड फिरवलं. तेव्हा मला कळलं की हे खरंच रुसलेत. पंचवीसेक वर्षांच्या संसारात मला हा माणूस एवढा कधी आवडला नव्हता. पण तसं तोंडावर सांगायची आमच्याकडं पद्धत नाही, म्हणून मी फक्त म्हणलं, "ऊन वाढतंय, डोक्यावर रुमाल तरी घ्या."

कुणीतरी आप्पांना बोलवायला गेलं. ते लगेच आले नाहीत. आले ते धुतलेला सदरा घालून, फेटा नव्यानं बांधून, कारण रुसलेल्या जावयासमोर मळक्या कपड्यात जायचं नसतं. मागून काकू, तिच्यामागं गावातल्या चार बाया. आप्पा विहिरीजवळ आले, हात जोडले. त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ते मी माझ्या लग्नातही बघितलं नव्हतं.

"काय पायजे पाव्हणं?"

"विहीर," हे म्हणाले.

"ती तर तुमच्याच लेआउटची हाय न्हवं?"

"तशी नको. पाण्यासकट पाहिजे. आणि पलीकडच्या वाफ्यासकट. त्याशिवाय मी जेवणार नाही."

आप्पा अध्यक्षांकडं वळले. "ऐकलासा न्हवं साहेब? आता माझ्या हातात काय न्हाय बगा. माझा जावई उपाशी हाय."

कमिटीची सभा तिथंच भरली. सावलीला झाड नव्हतं, म्हणून जेसीबीच्या सावलीत भरली. पोरांची भीती खरी होती, तेव्हा विहिरीवर लोखंडी जाळी आणि कमरेएवढा कठडा बांधायचं ठरलं. डासांसाठी गप्पी मासे सोडायचे. कारंजं रद्द. पण लॉनचं काय? बाग हिरवी दिसायला हवी, असं अध्यक्षांचं म्हणणं, आणि ते काही चूक नव्हतं. तेव्हा काठावरून, मागं न वळता, आमचे हे म्हणाले, "रताळ्याचा वेल लावा. जमीन झाकतो, हिरवा राहतो, पाणी लॉनपेक्षा कमी लागतं. विहिरीचं पाणी पुरेल, टँकर नको."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग आमच्या शेजारची सदलग्याची बाई, जी आजवर 'मला शेतातलं काही कळत नाही' असं सांगायची, तिच्या तोंडून निघून गेलं, "पण असा सपाट लावायचा नाही हो, वरंबे करायला पाहिजेत. माझ्या भावाकडं..." आणि ती जीभ चावून गप्प झाली. पण बांध फुटला होता. खानापूरचे म्हणाले, वेलाचं शेंड्याकडचं टोक घ्यायचं. दुसरे म्हणाले, छे, आमच्याकडं मधला तुकडा घेतात. अध्यक्ष कानडीत सांगायला लागले की लहानपणी त्यांनी स्वतः बैलामागं उभं राहून सरी पाडल्यात. इतकी वर्षं बंद ठेवलेल्या खिडक्या सगळ्यांनी एकदम उघडल्यासारखं झालं. मी आणि आप्पा नुसते बघत उभे होतो. ठराव पास झाला तेव्हा दुपार टळली होती. ह्यांना धरून उठवावं लागलं, कारण पायाला मुंग्या आल्या होत्या. काकूनं ताट वाढलं आणि माणसानं तीन माणसांचं जेवण केलं.

आप्पांनी आपल्या वाफ्यातला वेल तोडून बागेत लावून घेतला. वरंबे कसे करायचे यावरून कमिटीत दोन वेळा भांडण झालं. मे महिन्यात आजूबाजूच्या लेआउटमधली लॉनं वाळून चटईसारखी झाली, आणि आमची बाग हिरवीगार. बाहेरचे लोक गाड्या थांबवून विचारायचे, ही कुठली परदेशी वेल? अध्यक्ष गंभीरपणे सांगायचे, इथलीच आहे.

मग मिरग आला. पहिल्या उघडिपीला गावातली माणसं पोती आणि विळे घेऊन कमानीतून आत आली. बागेच्या दारावर पाटी होती, 'रोपांना हात लावू नये'. त्या पाटीखाली अख्खं गाव बसून वेल कापत होतं. अध्यक्ष शिट्टी घेऊन मधोमध उभे होते. एका अंगानं आत, दुसऱ्या अंगानं बाहेर, मुळं तोडायची नाहीत, वरचा वेल घ्या, पुढं चला. कुणी पैसे विचारले तर त्याच्यावर खेकसायचे, वेल विकत देत नाहीत हे कळत नाही काय!

त्या दिवशी संध्याकाळी आप्पा आमच्या घरी आले. ते सहसा लेआउटमध्ये घरी येत नाहीत, टाइल्सवर पाय घसरतो म्हणून. आज धुतलेला सदरा घालून आले होते. शेगडीजवळच्या खुर्चीत बसले, खाली जमिनीकडं जरा वेळ बघितलं, आणि खिशातून एक छोटी पुडी काढली. पिवळ्या पडलेल्या कागदात मनगटी घड्याळ होतं, चावीचं, आमच्या लग्नाच्या वेळचं. पट्टा आकसून गेला होता. काटे कधीचे थांबलेले.

"रुसवा काढाय आलोय," आप्पा म्हणाले. "तवापासनं ट्रंकेत हाय. चालत न्हाय बहुतेक."

ह्यांनी हात पुढं केला. आप्पांनी पट्टा बांधला. म्हाताऱ्या बोटांना बक्कल लागेना, म्हणून मी मदत करायला गेले, तर दोघांनीही माझा हात बाजूला सारला.

"आता पुन्यांदा रुसू नगासा, पाव्हणं," आप्पा हसत म्हणाले. "द्यायाजोगं आता कायबी ऱ्हायलं न्हाय माझ्याकडं."

हे घड्याळाकडं बघत राहिले. मी चहा टाकायला शेगडीकडं वळले.